पडण्याची जागा

बर्फाशीं माझा आयुष्यांत दोनदांच जवळून संबंध आला. एक, उसाच्या रसाच्या दुकानांत. तेथें तो गोणपाटांत गुंडाळून ठेवलेला असे आणि लांकडी दांडक्यानें ठोकून त्याचे तुकडे करीत. दुसरा, आमच्या थोरलीच्या सुजलेल्या मनगटावर एका रात्रीं मीं रुमालांत धरला होता तो. त्या दुसऱ्या बर्फाकडे पुढें यावें लागणारच आहे. तूर्त तो राहूं द्या. सांगायचें एवढेंच कीं, डोंगरच्या डोंगर झांकून टाकणारा, पायांखालीं करकरणारा बर्फ मीं कधीं पाहिला नव्हता. त्यामुळें २०२४ सालीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, मुलीकडे अमेरिकेस जाण्याचा योग आला, आणि तिचें गांव म्हणजे यूटा संस्थानांतील पार्क सिटी, जेथें २००२ सालच्या हिवाळी ऑलिंपिकचे कितीतरी सामने झाले तें, हें ध्यानांत आलें, तेव्हां विमानांत बसण्यापूर्वींच मीं फर्मावून ठेवलें, "मला बर्फ दाखवायचा."

"अण्णा, तुम्ही जुलैंत येताय," थोरली फोनवर म्हणाली.

"मग?"

ती नुसती हंसली. पण मी पोंचल्यावर चौथ्या दिवशीं सकाळीं तिनें मला गाडींत बसविलें. मागें माझी बारा वर्षांची नात, आणि दोन आसनांमधून थेट माझ्या कानापर्यंत आलेली एक लांबच लांब पिशवी. कोठें जायचें म्हणून मीं विचारलें. "बर्फ पाहायला, आजोबा," नात म्हणाली. वडील माणसांची थट्टा करण्याचा नातवंडांचा हक्क मी मानतों. म्हणून गप्प राहिलों.

हें गांव समुद्रसपाटीपासून सुमारें २,१०० मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरांवर, म्हणजे तिच्याहूनही कितीतरी वर आपण सपाट रस्त्यावरून गाडी हांकीत असतों. पण जुलैंतलें ऊन उंचीचा मुलाहिजा ठेवीत नाहीं. डोंगर सुके पडलेले, गवत पिंवळें, आणि आकाश असें निळें कीं पाहवत नाहीं. ऑलिंपिकसाठीं उभारलेल्या उद्यानांत आम्ही शिरलों. त्या उद्यानांतल्या एका उताराच्या पायथ्याशीं मीं जें पाहिलें त्यासाठीं माझ्यापाशीं शब्द तयार नव्हते.

खालीं एक प्रशस्त तलाव होता, पोहण्याच्या तलावासारखाच, पण खोल. वरून त्यांत उतरणाऱ्या चार-पांच घसरणी. घसरणींवर प्लास्टिकचे राठ केंस बसविलेले, आपल्या दारांतल्या पायपुसण्यासारखे. आणि त्यांवर सारखे पाण्याचे फवारे चालू. प्रत्येक घसरणीचें खालचें टोंक हत्तीनें सोंड उचलावी तसें वर वळलेलें. कडेनें एक लांब जिना. त्या जिन्यावरून रबरी पोशाख घातलेलीं, तरण्याचीं जाकिटें बांधलेलीं, डोक्यावर शिरस्त्राणें चढविलेलीं मुलें खांद्यावर स्की टाकून चढत होतीं. पायांत लोखंडासारखे जड बूट. त्या बुटांचा खाड् खाड् आवाज टेकडीभर ऐकूं येत होता.

एक मुलगा वर उभा राहिला. त्यानें हात पुढें धरले, खालीं उभ्या असलेल्या शिक्षकाकडे पाहिलें, आणि स्वतःला सोडून दिलें. घसरणीवर सूं असा आवाज झाला. सोंडेच्या टोंकावरून तो वर फेंकला गेला. वरच्या वर तो पाठीमागें उलटला, स्कींसकट, पुन्हां एकदां उलटला, आणि पाय खालीं करून तलावांत पडला. पडण्याच्या क्षणींच तलावाच्या तळांतून हवा सोडतात. सगळें पाणी उकळल्यासारखें फसफसून येतें. इतक्या उंचीवरून पडणाऱ्याला स्वस्थ पाणी फरशीसारखें लागतें; तें आधींच फोडून ठेवावें लागतें. मुलगा वर आला, स्कीसकट कडेपर्यंत कसाबसा वल्हवत गेला, बाहेर पडला, स्की खांद्यावर टाकले आणि जिना चढूं लागला.

फ्रीस्टाइल स्कीइंगमधील एरिअल्स या प्रकाराचा हा उन्हाळी अभ्यास. हिवाळ्यांत हीच माणसें बर्फाच्या उतारावरून, हातांत काठ्या न घेतां, ताशीं साठ किलोमीटरांच्या आसपास वेगानें येतात, बर्फाच्याच एका उभ्या चढावरून आकाशांत जातात, तीन-चार मजल्यांच्या उंचीवर कोलांट्या आणि गिरक्या घेतात, आणि पलीकडच्या तीव्र उतारावर दोन पायांवर उतरतात. तो उतरण्याचा उतार फावड्यांनीं खणून भुसभुशीत करून ठेवलेला असतो; पांढऱ्यांत जमीन कोठें आहे हें उलट्या माणसाला कळावें म्हणून त्यावर कधीं निळा रंगही टाकतात. पण तेथवर पोंचण्यापूर्वीं ती उडी आधीं ट्रॅम्पोलिनवर, मग पाण्यावर, शेंकडों वेळां मारावी लागते. पाण्यावर ती पक्की बसली असें शिक्षकाच्या पदरीं पडल्याखेरीज बर्फावर ती मारूं देत नाहींत. वर्षांतला मोठा काळ स्कीपटूला बर्फाचें दर्शनही नसतें. हा भाग मला फार आवडला. म्हटलें, चला, या विद्येंत निम्में आयुष्य बर्फावांचूनच जातें; म्हणजे आपण अगदींच परके नाहीं.

मोजण्याची मला शिक्षकी खोड आहे. त्या मुलाला घड्याळ लावलें. घसरणें, उडणें, पडणें मिळून दहा सेकंद; त्यांपैकीं हवेंत जेमतेम तीन. पोहत कडेला येणें, जिना चढणें, रांगेंत थांबणें यांत अकरा मिनिटें. वर्तमानपत्रांतल्या छायाचित्रांत आपण या लोकांना नेहमीं आकाशांत पाहतों, आणि त्यांचें आयुष्य तेथेंच जात असेल अशी आपली समजूत होते. तें जातें जिन्यावर.

थोरली शेजारीं बसून मला एकेक गोष्ट समजावून देत होती. छत्तीस वर्षें मीं शाळेंत पदार्थविज्ञान शिकविलें. फिरत्या स्टुलावर मुलाला बसवून, त्याच्या दोन्ही हातांत वजनें देऊन, हात पसरले कीं स्टूल मंदावतें आणि छातीशीं घेतले कीं भिरभिरतें, हा प्रयोग मीं किती तुकड्यांना दाखविला याची गणती नाहीं. मुलें हंसत, मीही हंसें, आणि तास संपे. आतां तोच नियम डोक्यावर, उलटा टांगलेला दिसत होता. टोंकावरून एकदां सुटल्यावर शरीर कोणत्या वाटेनें जाणार तें ठरून गेलेलें असतें. मग कितीही हातपाय झाडा, ती वाट बदलत नाहीं. आपल्या हातीं उरतें तें त्या वाटेवर फिरायचें किती आणि कसें एवढेंच. एक हात वर ठेवून दुसरा झपकन खालीं ओढला कीं कोलांटींत गिरकी मिसळते. दोन्ही हात अंगाशीं घेतले कीं ती वाढते, पसरले कीं ओसरते. नामांकित पुरुष स्पर्धक तेवढ्या तीन सेकंदांत तीन कोलांट्या आणि त्यांत चार-पांच गिरक्या बसवितात. माझ्या स्टुलाला हें कधीं सुचलें नव्हतें.

परीक्षणाची रीत ऐकून तर मला अगदीं घरच्यासारखें वाटलें. पांच परीक्षक. प्रत्येकाजवळ दहा गुण: उडी कशी सुटली आणि किती उंच गेली याला दोन, हवेंतल्या अंगस्थितीला पांच, उतरण्याला तीन. प्रत्येक सदरांतला सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता आंकडा गाळायचा, उरलेल्यांची बेरीज करायची, आणि तिला उडीच्या अवघडपणाच्या आंकड्यानें गुणायचें. कडक आणि सैल अशा दोन्ही परीक्षकांना एकदम बाहेर काढण्याची ही युक्ति आमच्या परीक्षामंडळाला सुचली असती तर माझ्याच हातून गेलेले कांहीं विद्यार्थी वांचले असते. आणि एक गोष्ट विशेष. जो उतरतांना आपटतो त्याचेही उरलेले सात गुण कोणी काढून घेत नाहीं. पडल्यामुळें आधींचें उडणें खोटें ठरत नाहीं.

हा खेळ तसा अलीकडचा. नॉर्वेचा स्टाइन एरिक्सन, १९५२ च्या ओस्लो ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, स्की घालून कोलांटी मारून दाखवी तेव्हां लोक त्याकडे गंमत म्हणून पाहत. तो पुढें या पार्क सिटींतच येऊन राहिला आणि २०१५ सालीं येथेंच वारला. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेंतल्या कांहीं उनाड पोरांनीं त्या गमतीचा छंद केला. १९७९ सालीं आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें तिला खेळ म्हणून मान्यता दिली. आणि १९९४ सालीं लिलेहामर येथें एरिअल्सला ऑलिंपिक पदकें मिळूं लागलीं. या खेळांत येणारे पुष्कळसे बर्फांत जन्मलेले नसतात. ते येतात कसरतीच्या आखाड्यांतून. कोलांटी आधीं येते, स्की मागाहून.

ऑस्ट्रेलियाची अलिसा कॅम्पलिन ही अशीच मूळची कसरतपटु. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिला स्की कसे चालवावे हें ठाऊक नव्हतें. घरोघर पिझ्झे पोंचविण्यासारखीं कामें करून तिनें शिक्षणाचा खर्च भागविला, आणि २००२ सालीं, याच गांवाला लागून असलेल्या डीअर व्हॅलीच्या डोंगरावर, दोन्ही घोट्यांच्या हाडांना बारीक भेगा गेलेल्या असतांना दोन उड्या मारून सुवर्णपदक घेतलें. तिच्याच संघांतली जॅकी कूपर, जिच्याकडे साऱ्यांचे डोळे लागले होते, ती त्याच डोंगरावर स्पर्धेच्या कांहीं दिवस आधीं सरावांत गुडघा मोडून बसली होती. तिनें पुढें २००६ आणि २०१० अशीं आणखी दोन ऑलिंपिकें गांठलीं. पदक मिळालें नाहीं. या दोघींपैकीं कोणीचें आयुष्य अधिक स्कीपटूचें, असें मला कोणी विचारलें तर मी लगेच उत्तर देणार नाहीं.

इतकें सारें मी प्रेक्षकाच्या निश्चिंतपणें ऐकत होतों. मग रांगेंत उभ्या असलेल्या एका आंखूड मूर्तीनें माझ्याकडे पाहून हात हालविला. शिरस्त्राणाखालचें तोंड ओळखूं यायला मला क्षणभर लागला. ती लांब पिशवी माझ्या ध्यानांतूनच गेली होती.

"ती तिथं काय करतेय?" मीं विचारलें.

"रांगेत उभी आहे," थोरली म्हणाली.

नात लहान घसरणीवरून आली. सरळ उडी, कोलांटी नाहीं. हात पसरलेले, पाय जुळलेले, आणि पाण्यांत. एवढेंच. पण ती सोंडेच्या टोंकावरून सुटली तेव्हां माझ्या पोटांत जें झालें त्याला पदार्थविज्ञानांत नांव नाहीं. "या महिन्याच्या शेवटीं पाठीमागची कोलांटी शिकवणार आहेत," थोरली म्हणाली. आणि मग मी जें बोललों तें येथें लिहून दाखविण्यासारखें नाहीं. तूं आई आहेस कीं कोण, इथपासून सुरुवात झाली. ती ऐकत राहिली. माझ्या घरीं मुलींना उलट उत्तर करण्याची मुभा होती. थोरलीनें ती कधीं वापरली नाहीं, आणि त्याचा मला तेव्हां अभिमान वाटे.

आतां तो दुसरा बर्फ.

१९९४ च्या पावसाळ्यांत थोरली तेरा वर्षांची होती. पुण्यांत आमच्या घराजवळच्या एका आखाड्यांत मुलींना दोराचा मल्लखांब शिकवीत. तिचें अंग हलकें, पकड चांगली; शिकविणाऱ्या बाई तिचें नांव काढीत. एके संध्याकाळीं वरच्या आढीवरून दोर सुटला आणि ती गादीच्या कडेवर, डाव्या हातावर आली. मनगट मोडलें. हाड बसविणारे डॉक्टर सकाळींच भेटणार होते. रात्रभर मी तिच्या उशाशीं बसून रुमालांत बर्फ धरला होता. वितळला कीं दुसरा. त्या रात्रीं मीं ठरविलें, आणि सकाळीं सांगून टाकलें, कीं मल्लखांब पुरे झाला. तिनें मान हालविली. प्लास्टर निघाल्यावर मीं तिला गाण्याच्या वर्गांत घातलें. मनगट थोडें वांकडें जुळलें, पण जुळलें. शहाण्या बापानें जें करावें तें मीं केलें असें मला तीस वर्षें वाटत आलें, आणि खरें सांगायचें तर तसें वाटण्याची मला आठवणही राहिली नव्हती, इतकें तें सहज होतें.

पार्क सिटींतल्या त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. नातीच्या अभ्यासाच्या संगणकावर बसून मी पुरावा गोळा करूं लागलों. पुरावा शोधायला फार लांब जावें लागलें नाहीं. कॅनडाची सारा बर्क, हाफपाइप या प्रकारांतली आपल्या काळांतली अग्रणी; स्त्रियांच्या हाफपाइप स्कीइंगला ऑलिंपिकमध्यें जागा मिळावी म्हणून ती वर्षानुवर्षें खटपट करीत होती, आणि २०११ सालीं ती जागा मिळाली. १० जानेवारी २०१२ रोजीं सराव करतांना ती पडली, मानेंतली रक्तवाहिनी फाटली, आणि नऊ दिवसांनीं, एकोणतिसाव्या वर्षीं, ती गेली. पडली ती या पार्क सिटींतच. २०१४ सालीं सोची येथें स्त्रियांचा तो सामना प्रथम झाला तेव्हां फ्रान्सच्या मारी मार्तिनोनें रौप्यपदक मिळविलें. ती खेळ सोडून बसली होती, आणि तिला परत ये म्हणून सांगायला साराच गेली होती.

आणि दुसरी लीना चेर्याझोवा. ताश्कंदची. आपल्याला ताश्कंद आठवतें तें लालबहादूर शास्त्रींच्या मृत्यूमुळें. स्कीइंगसाठीं तें शहर कोणाला आठवण्याचें कारण नाहीं. १९९४ च्या फेब्रुवारींत लिलेहामरला एरिअल्सचें स्त्रियांचें पहिलें सुवर्णपदक या ताश्कंदच्या मुलीनें घेतलें. उझबेकिस्तान नुकताच स्वतंत्र झालेला. त्या देशाचें तें पहिलेंच ऑलिंपिक पदक. तिची आई सामन्याच्या थोडे दिवस आधीं वारली होती. मुलीचें चित्त ढळूं नये म्हणून घरच्यांनीं तें लपविलें. पदक गळ्यांत पडल्यावर तिला सांगितलें. हें वाचून मी कितीतरी वेळ पुढें सरकलों नाहीं. त्या बापाच्या जागीं मी असतों तर काय केलें असतें, आणि मुलगी परत घरीं आल्यावर तिच्या तोंडाकडे कसें पाहिलें असतें, हें मला ठरवितां येईना.

त्याच वर्षीं जुलैंत लेक प्लॅसिड येथें उन्हाळी सराव करतांना लीनाच्या डोक्याला मार बसला. ती बेशुद्धींत गेली. डोक्यावर शस्त्रक्रिया झाली. सराव चालला होता तो पाण्यावरच्या उड्यांचा. दुपारीं जें फसफसणारें पाणी पाहून मला थोडा धीर आला होता तेंच. ती उठली, पुन्हां स्की घातले, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकलाही उतरली; पण पूर्वीचें अंग परत आलें नाहीं. २०१९ सालीं, पन्नाशींत, दीर्घ आजारानें ती वारली. तारखेकडे मीं पुन्हां पाहिलें. १९९४ चा जुलै. मी पुण्यांत रुमालांत बर्फ धरून बसलों होतों तोच पावसाळा.

रात्रीं दोनच्या सुमारास मीं तीं पानें छापून घेतलीं आणि खालीं गेलों. स्वयंपाकघरांत दिवा होता. थोरली टेबलाशीं बसली होती, समोर चहाचा कप, चहा निवलेला.

"झोप नाही आली, अण्णा?"

मीं पानें तिच्यापुढें ठेवलीं. "ही लीना. पाण्यावरच. आणि ही सारा, ह्याच गांवात."

तिनें पानें उचलली नाहींत. "माहीत आहे. सारा गेली तेव्हा ही पोटात होती. आम्ही नुकते इथं राहायला आलो होतो. दुकानांच्या काचांवर तिचे फोटो लावलेले होते." मग थोड्या वेळानें म्हणाली, "प्रवेश घेताना एक कागद देतात सही करायला. काय काय होऊ शकतं तें सगळं त्यात लिहिलेलं असतं, नांवानिशी. तीन रात्री तो कागद ह्या टेबलावर पडून होता."

"आणि तरी सही केलीस?"

ती उठली, माझ्यासाठीं चहाचें आधण ठेवलें. पाठ माझ्याकडे होती. "तुम्ही मला गाण्याच्या वर्गाला घातलं होतंत. आठवतं?"

"आठवतं तर. सहा महिने जात होतीस."

"एक दिवस गेलें नाही. मंगळवारीं आणि शुक्रवारीं आखाड्याच्या मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. दोरावरच्या मुली दिसायच्या तिथून. बाईंनी एकदोनदा पाहिलं. पण त्या काही म्हणाल्या नाहीत."

"आणि फी?" हा प्रश्न माझ्या तोंडून कसा गेला कोण जाणे.

"फी पोंचवत होतें," ती म्हणाली, आणि आम्ही दोघेंही हंसलों. हंसूं ओसरल्यावर तिनें कप माझ्यापुढें ठेवला. "मी तुम्हांला बोल लावत नाही, अण्णा. तुम्ही त्या रात्री पहाटेपर्यंत बर्फ धरून बसला होता. मी जागीच होतें. तुम्हांला भीति वाटली, तुम्ही थांबवलंत. मलाही वाटतेच. बरोबर करतें आहे असंही मी म्हणत नाही. हिला उद्या काही झालं तर मी काय करीन तें मला खरंच ठाऊक नाही."

मीं चहा घेतला. साखर जास्त झाली होती. पण तें बोलण्याची ती वेळ नव्हती. छापलेलीं पानें टेबलावर तशींच राहिलीं. सकाळीं त्यांच्या कोऱ्या बाजूवर नातीनें गणितें सोडविलेलीं दिसलीं.

महिन्याच्या शेवटीं मी पुन्हां त्या तलावावर गेलों. जायचें नाहीं असें दोन दिवस म्हणत होतों. ऐन वेळीं टोपी घालून गाडींत जाऊन बसलों. वाटेंत नात एक अक्षर बोलली नाहीं. उद्यानांत पोंचल्यावर मीं तिची पिशवी उचलूं लागलों तर तिनें ती माझ्या हातांतून काढून घेतली. स्की ज्याचे त्यानेंच वर न्यायचे, असा तेथें शिरस्ता आहे.

आम्ही दोघें कठड्याशीं उभीं राहिलों. शिक्षक तलावाच्या कडेला उभा होता. त्याच्या हाताशीं बुडबुड्यांची कळ. नात जिना चढूं लागली. मीं पायऱ्या मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढें गोंधळलों. वर ती बराच वेळ उभी राहिली. मागच्या मुलानें पाळी सोडली नाहीं, घाईही केली नाहीं. शिक्षक वर पाहत होता, पण हांक मारीत नव्हता.

ती सुटली. टोंकावरून वर गेली, डोकें मागें टाकलें, आणि अर्ध्यावर हात फांकले; मला त्या क्षणीं फिरतें स्टूल मंदावलेलें स्पष्ट दिसलें. कोलांटी पुरी झाली नाहीं. ती पाठीवर आली. थाडकन आवाज झाला आणि फसफसणाऱ्या पाण्यांत शिरस्त्राण दिसेनासें झालें.

थोरलीनें तोंडांतून आवाज काढला नाहीं. तिचा डावा हात कठड्यावर होता, आणि बोटें लोखंडाला अशीं आवळलेलीं कीं नखें पांढरीं पडलीं होतीं. मनगट अजूनही पुरतें वळत नाहीं तिचें; किंचित् बाहेरच्या बाजूला राहतें. शिरस्त्राण पाण्याबाहेर आलें. नातीनें आमच्याकडे पाहिलेंच नाहीं. शिक्षकानें तिला छातीशीं दोन हात घेऊन दाखविले. तिनें मान हालविली, स्की खांद्यावर टाकले आणि ती जिन्याकडे चालूं लागली.

थोरलीनें कठडा सोडला नव्हता. मीं माझा हात तिच्या त्या मनगटावर ठेवला. तें थंडगार होतें. पहिल्या पायरीवर बुटांचा खाड् असा आवाज झाला आणि आम्ही दोघें वर पाहूं लागलों.